दोन ठोक्यांची साक्ष

सारंगानं आपल्या घराच्या दाराची कडी काढून टाकली, तेव्हा अख्ख्या गल्लीला वाटलं, चला, हात गेला होता, आता डोकंही चाललं. बिचारी कडी! ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यानं उरलेल्या डाव्या हातानं, काढलेले स्क्रू दातात धरून, घामाघूम होत ती काढली आणि तिच्या जागी विजेची घंटा बसवून घेतली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "बटण दाबा. ठोकू नका."

ठोकणारे तरीही ठोकायचेच. आणि कुणी नाही ठोकलं, तरी सारंगाला ऐकू यायचं. टक, टक. लोखंडावर लोखंड. चहा ओतताना, दाढी करताना, भर दुपारी जेवायला बसल्यावर. भुतंबितं म्हणे रात्री येतात. हे भूत मात्र दिवसपाळीचं होतं. असणारच, विंचूला जिवंतपणीही रात्रपाळीचा भारी कंटाळा.

सारंग हे त्याचं नाव नव्हे, हुद्दा. जहाजाच्या डेकवर खलाशांचा जो मुकादम असतो, तो सारंग. पण इतकी वर्षं त्यानं तो हुद्दा अंगावर वागवला की खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं. आणि विंचू हा त्याचा जोडीदार. जहाज धक्क्याला लावताना तारांचे जाड दोर ओढून घेणारं एक यंत्र असतं, विंच. तो ते चालवायचा, म्हणून विंचू. नांगीबिंगी काही नाही. उलट इतका गरीब माणूस, की जहाजावरचा स्वयंपाकी त्याला भांड्याच्या तळाचं करपलेलं वाढायचा आणि हा "मस्त झालंय" म्हणून बोटं चाटायचा. दोघं पोरवयात एकाच दिवशी जहाजावर चढले होते. एकाचं लग्न दुसऱ्यानं जमवलं, दुसऱ्याच्या बायकोच्या आजारपणात पहिल्याची बायको रात्रंदिवस राबली. सख्खे भाऊ भांडतात, हे दोघं तेवढंही करत नव्हते.

आता एका लोखंडी कड्याचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच टांगलेली आहे. विंच होतं एका लोखंडी केबिनच्या मागे, आणि सारंगाची जागा पुढे, जहाजाच्या अगदी कडेला, कठड्याशी. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. नियम असा, की सारंगानं ओरडून हुकूम द्यायचा, विंचवाल्यानं तोच हुकूम ओरडून परत म्हणायचा, आणि मगच दांड्याला हात घालायचा. हा नियम लिहिणारा शहाणा खिडक्या लावून खोलीत बसला असणार. डेकवर वारा सुटला की हुकूम तोंडातून निघतो न निघतो तोच उडून जातो. म्हणून या दोघांनी आपली युक्ती काढली. कठड्याला दोरीनं एक जाडजूड लोखंडी कडं टांगलं. ते कठड्यावर आपटलं की आवाज लोखंडातून थेट विंचपर्यंत पोचायचा. दोन ठोके म्हणजे ओढ. एक म्हणजे थांब.

दोन ठोक्यांवर विंचू आधी "आला!", म्हणजे हुकूम पोचला, म्हणून गर्जायचा आणि मग दांडा ओढायचा. त्याचं ते "आला" वाऱ्याला दाद द्यायचं नाही, शेजारच्या जहाजावर ऐकू जायचं. एका ठोक्याला मात्र उत्तर नाही. तिथे बोलायचं काही नसतं, नुसतं थांबायचं. आणि काम झालं की कडं कठड्यावरच्या फासात अडकवून ठेवायचं, नाहीतर ते लोंबकळत आपलं आपण वाजत राहतं. अधिकारी हे सगळं रोज बघत होते. पण काम झटपट उरकतंय म्हटल्यावर कोण कशाला तोंड उघडतंय?

त्या दिवशी धक्क्याला लागताना दोर कठड्याजवळच्या रुळाखाली, म्हणजे ज्या लोखंडी लाटण्यावरून तो सरकतो त्याच्याखाली, अडकला. सारंगानं एक ठोका दिला, विंच थांबलं. दोर सोडवायला दोन्ही हात हवे होते, म्हणून त्यानं कडं सोडून दिलं. फासात अडकवलं नाही. धक्क्यावरचे लोक शिव्या घालत होते, वरून अधिकारी हातवारे करत होते, आणि काम एवढंसंच होतं, आत्ता झालं असतं. तेवढ्यात शेजारून एक मोठं जहाज गेलं. त्याची लाट आली. हे जहाज एकदा इकडे कललं, एकदा तिकडे. कडं झुललं.

टक, टक.

"आला!" पलीकडून विंचू ओरडला.

सारंगानं ते ऐकलं होतं. ते "आला" आणि दोर ताठ होणं, यांच्यामध्ये एक श्वास घेण्याइतकी जागा असते. तेवढ्यात ओरडता आलं असतं, निदान हात काढून घेता आला असता. पण ज्या आवाजावर जन्मभर भरवसा ठेवला, तो ऐकून माणूस दचकत नाही हो, उलट निर्धास्त होतो. सारंग निर्धास्त झाला. मग दोर ताठ झाला, त्याचा उजवा हात मनगटापर्यंत रुळाखाली गेला, आणि ताण न सोसून दोर तुटला. तुटलेला दोर चाबकासारखा मागे जातो, केबिनलाही वळसा घालून. मागे विंचू होता.

विंचू जागच्या जागी गेला. सारंग दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा त्याला पुरूनही झालं होतं.

कंपनीनं काय केलं? दोन्ही हात वर केले. सारंगाकडे तर वर करायला एकच राहिला होता. फुलांचा गुच्छ आला आणि पाठोपाठ निरोप आला, की तुम्ही नियम धाब्यावर बसवलेत, त्याला आम्ही काय करणार? ज्या अधिकाऱ्यांच्या नाकासमोर ते कडं रोज वाजत होतं, त्यांना आता कडं म्हणजे काय तेच आठवेना. आणि ते कडंही कठड्यावर उरलं नव्हतं. समुद्र खोल असतो. त्यात काहीही जातं.

हातावर पोट असलेल्या माणसाचा हातच गेला, तर त्यानं जावं कुठे? सारंग वकीलबाईंकडे गेला. टायरच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. सगळ्या खोलीत रबराचा वास, आणि बाकावर ओळीनं बसलेले खलाशी, कुणाचा पाय नाही, कुणाचा डोळा नाही. जहाजांवर जखमी झालेल्यांचे दावेच बाई चालवायच्या. बोलणं तडकाफडकी, पण माणूस सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कड्याचंसुद्धा, आणि म्हणाल्या, "कोर्टात एकच प्रश्न कामाचा. तुम्ही ओढायचा इशारा दिलात?"

"नाही."

"मग झालं तर. तेवढंच सांगा. इशारा नसताना जोडीदारानं विंच चालवलं, तर जबाबदारी कंपनीची. तुमची भरपाई कुठे जात नाही."

"आणि कडं?"

"त्याचं नाव काढू नका. कडं टांगलं कुणी? तुम्ही. मोकळं सोडलं कुणी? तुम्ही. हे ऐकल्यावर कंपनीचा वकील पेढे... जाऊ द्या, तो नाचेल."

सारंग उठायला लागला. मग म्हणाला, "बाई, वहिनीचाही दावा आहे. विंचूच्या बायकोचा."

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माहीत आहे मला. त्यांचा वकील वेगळा. पण घडलं तेव्हा तिथे तुमच्याशिवाय कुणी नव्हतं, म्हणजे तुमचीच साक्ष तिकडेही धरणार. इशारा नसताना विंच चालवलं, तर चूक मयताची. त्यांचा दावा बहुतेक पडेल."

"आणि मी म्हटलं, मी ठोकलं, तर?"

"तर त्यांचा उभा राहील आणि तुमचा बसेल. हे बघा, मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाहीये. तुम्ही इशारा दिला नाहीत हे खरं आहे ना? मग नाही म्हणायला काय जड जातंय?"

खरंच होतं ते. हेच तर सगळं त्रांगडं होतं. खोटं असतं तर सारंगानं एका झटक्यात सांगितलं असतं, मला जमणार नाही म्हणून.

घरी बायको होती. ती एका लॉन्ड्रीत इस्त्रीला जायची, आणि दवाखान्यापासून घरभाड्यापर्यंत सगळं तिच्या त्या एका इस्त्रीवर चाललं होतं. बोटांची टोकं भाजून भाजून गुळगुळीत झालेली. तिला सारंगानं सगळं सांगितलं. ती भांडी घासता घासता ऐकत होती.

"अहो, मी काही दगड नाही," ती म्हणाली. "विंचूभाऊजी गेले तेव्हा मी तीन दिवस जेवले नव्हते. पण गेलेल्या माणसाला चूक लागत नाही, आणि आपल्याला रोज भूक लागते. वहिनींचा भाऊ आहे, कमावता आहे. आपल्याला कोण आहे? मी उभी आहे तोवर ठीक. उद्या मी पडले तर?"

ती चुकीचं काय बोलत होती? काही नाही. सारंगानं मान हलवली. आणि तेवढ्यात ऐकू आलं, टक, टक. त्याची मान आपोआप डावीकडे कलली, कान टवकारले गेले. बायकोनं घासणी हातातून खाली ठेवली. त्याची ती कललेली मान तिच्या चांगलीच ओळखीची झाली होती.

"पुन्हा?"

"काही नाही ग."

सुरुवातीला त्याला वाटायचं, विंचूच आलाय. आपल्याला बोलावतोय, नाहीतर जाब विचारतोय. मग एके दिवशी दाढीचा साबण लावताना त्याच्या ध्यानात आलं. विंचूनं आयुष्यात कधी कडं ठोकलं नव्हतं. ठोकायचा सारंग. विंचू उत्तर द्यायचा. मग हे ठोकतंय कोण? त्याच्या गेलेल्या उजव्या हाताच्या बोटांत तेव्हा कडं असल्याचा भास होई, गार आणि ओलं. तोच हात तर नाही ना ठोकत बसलेला, तिकडे, त्या रुळाखाली? आणि ठोके संपले तरी सुटका नसे. त्यानंतरची शांतता जास्त वाईट. कुणीतरी ठोकून, उत्तराची वाट बघत उभं आहे, असं वाटत राही.

साक्षीच्या आधी बायको त्याला म्हणाली, "वहिनींना एकदा भेटून या. कोर्टात अचानक समोर याल, ते बरं नाही दिसणार." दोघं गेले. वहिनी दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. जिना तोच, दार तेच, दारावरचा निळा रंग विंचूनं जहाजावरून आणून लावलेला. हा रंग जहाजाचा आहे म्हणून कुणाला सांगू नकोस, असं तो सगळ्यांना सांगायचा. सारंग सुट्टीवर असला की या दारावर दोनदा ठोकायचा, आणि आतून जिना हादरवणारं "आला!" यायचं. खालची म्हातारी दर वेळी दचकायची आणि दर वेळी शिव्या घालायची. आज सारंगानं डावा हात वर उचलला आणि तो तसाच राहिला. काही केल्या त्याच्यानं ठोकवेना. शेवटी बायकोनं ठोकलं. दोनदाच, सवयीनं.

आतून काहीच आलं नाही. नुसती वहिनींची पावलं आली.

वहिनी खंगल्या होत्या. त्यांनी चहा केला, सारंगाचा कप त्याच्या डाव्या बाजूला ठेवला, आणि न विचारता साखर ढवळून दिली. दाव्याचा विषय कुणी काढला नाही. उठायच्या वेळी मात्र त्या म्हणाल्या, "भाऊजी, एकच विचारते. तुम्हाला त्रास होत असेल तर सांगू नका. ते ओरडले होते का? 'आला' म्हणून?"

"हो वहिनी. ओरडला होता."

वहिनींनी सुटकेचा निःश्वास सोडला. "मग बरं. कंपनीवाले म्हणतात, ते भलत्याच तंद्रीत होते, मनालाच आलं आणि दांडा ओढला. मी म्हटलं, शक्य नाही. ठोकल्याशिवाय हा माणूस घराचं दारसुद्धा उघडत नव्हता." एवढं बोलून त्यांनी कप उचलले आणि त्या आत गेल्या. बराच वेळ नळ वाहत राहिला, पण भांड्यांचा आवाज काही आला नाही.

रस्त्यानं बायको म्हणाली, "फार वाईट वाटतंय हो मला." आणि थोड्या वेळानं, "पण तुम्ही वकीलबाईंनी सांगितलंय तसंच सांगा."

"सांगतो," सारंग म्हणाला. त्याच्या मनात तसंच होतं.

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गासारखी. न्यायाधीशांना सर्दी झालेली, दर दोन वाक्यांना रुमाल. मागच्या बाकावर एका टोकाला सारंगाची बायको, दुसऱ्या टोकाला वहिनी. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली होती, पण मधली जागा मोकळीच राहिली. कंपनीचा वकील मऊ आवाजाचा, हातात जाड धातूचं पेन. असले मऊ आवाजाचे लोक फार वाईट. ओरडणाऱ्याचं निदान कळतं तरी.

"त्या वेळी आपण ओढण्याचा इशारा दिलात?"

"नाही," सारंग म्हणाला.

वकीलबाईंनी हळूच फाइल मिटली. झालं होतं काम.

"आपण ओरडला नाहीत?"

"नाही."

"हातानं काही खूण केलीत?"

"नाही. हात दोरावर होते."

"म्हणजे," तो वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, "मयतानं काहीही ऐकू आलेलं नसताना, केवळ स्वतःच्या मनानं विंच चालवलं. असंच ना?" आणि मुद्दा संपवल्यासारखं त्यानं हातातलं पेन टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटलं. त्याची ती सवय असावी.

टक, टक.

"आला!"

सारंगाच्या तोंडून निघालं ते. इतक्या मोठ्यांदा, की न्यायाधीशांचा रुमाल हातातून पडला आणि दारावरचा शिपाई आत धावला. आवाजही त्याचा नव्हता. छातीच्या तळातून आलेला, वाऱ्याला दाद न देणारा. मागच्या बाकावर वहिनी ताडकन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून तशाच उभ्या राहिल्या.

"काय प्रकार आहे हा?" न्यायाधीश म्हणाले.

सारंगानं साक्षीच्या पिंजऱ्याची कड घट्ट धरली. पण आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं. "साहेब, असंच ओरडला होता तो. ठोके ऐकून ओरडला, मग दांडा ओढला. हे वकीलसाहेब म्हणतात, त्यानं काही ऐकलं नाही. ऐकलं त्यानं! न ऐकता त्यानं कधी दांड्याला बोट लावलं नाही. त्यानं नियम पाळला, साहेब, आमचा नियम. कठड्याला कडं होतं. ठोकायचं मी आणि ओढायचं त्यानं."

वकीलबाई उभ्या राहिल्या. "सारंग, विचारल्याशिवाय..."

"थांबा बाई. आता बोलू द्या मला."

"पण आत्ताच तुम्ही म्हणालात, इशारा दिला नाही," न्यायाधीश म्हणाले. "मग ठोकलं कुणी?"

लाटेनं ठोकलं होतं. पण लाटेला कोर्टात कोण बोलावणार? सारंगानं मागे पाहिलं. बायको त्याच्याकडेच बघत होती. ती मान हलवत नव्हती, डोळे वटारत नव्हती, नुसती बघत होती. तिची ती गुळगुळीत झालेली बोटं मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेली होती. तिच्या डोळ्यांत बघत त्यानं उत्तर दिलं.

"कडं माझं होतं साहेब. मी ते अडकवून ठेवलं नाही. ते झुललं आणि वाजलं. त्याच्यापर्यंत जे पोचलं, ते माझ्याकडून पोचलं. तुम्ही लिहून घ्या, मी ठोकलं. त्याची काही चूक नाही."

लिहून घेतलं. असल्या गोष्टी लोक फार पटकन लिहून घेतात.

पुढे व्हायचं तेच झालं. वहिनींना भरपाई मिळाली. सारंगाचा दावा कापत कापत एवढासा राहिला. वकीलबाईंनी आपली फी घेतली नाही, आणि वर चार शब्द सुनावले, ते त्यानं मुकाट ऐकून घेतले. वहिनी घरी आल्या, काही बोलू लागल्या आणि सारंगाच्या बायकोच्या गळ्यात पडून रडत बसल्या. बायकोनंही त्यांना थोपटलं. पण सारंगाशी ती बोलली नाही. कोर्टातून आल्यापासून तिनं अबोला धरला तो धरलाच. चहा द्यायची, ताट वाढायची, लॉन्ड्रीत आता दोन पाळ्या करायची, आणि घरात शब्द नाही. रागवायचा तिला हक्क होता. सारंगानं तिला मनवायचा प्रयत्नही केला नाही. कुठल्या तोंडानं मनवणार?

आणि ठोके थांबले. त्या दिवशी कोर्टात त्यानं उत्तर दिलं, त्यानंतर एकदाही आले नाहीत. चहा ओतताना नाहीत, दाढी करताना नाहीत. सारंगाला वाटलं होतं, सुटलो म्हणून हायसं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट तो कान देऊन बसायला लागला. खिडकीचं दार आपटलं की उठायचा. विजेची घंटा त्यानं काढून टाकली आणि कडी पुन्हा दाराला लावली. मेलेल्या मित्राचं त्या ठोक्यांएवढंच उरलं होतं त्याच्याकडे, आणि तेही गेलं. पहिल्यांदा विंचू गेला तेव्हा तो बेशुद्ध होता. या वेळी तो जागा होता, आणि त्याला ते सहन होईना.

एके दुपारी बायकोला सुट्टी होती. दोघं स्वयंपाकघरात टेबलाशी जेवायला बसले. सारंगानं घास उचलला आणि तो तोंडाशीच राहिला. मान डावीकडे कलली. वाट बघत होता. काहीच येत नव्हतं, तरी वाट बघत होता. बायको समोरून बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं वाढायचा लोखंडी डाव उचलला आणि पातेल्याच्या काठावर आपटला.

टक.

सारंगानं दचकून वर पाहिलं. बायको कधी जहाजावर चढली नव्हती. पण इतक्या वर्षांच्या गप्पांत तिला एकाचा अर्थ माहीत होता आणि दोनाचाही. डाव तिच्या हातात तसाच वर धरलेला होता. सारंग दुसऱ्या ठोक्याची वाट बघत होता, आणि ते तिलाही कळत होतं. तिनं डाव हळूच खाली ठेवून दिला.

सारंगाच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडायला लागलं. ते पुसायला त्याच्याजवळ मोकळा हात नव्हता, त्यात घास होता. त्यानं मान सरळ केली आणि तो जेवायला लागला.

"मीठ बरोबर आहे का हो?" बायकोनं विचारलं.

"आहे," तो म्हणाला.